शेजारची शाळा चालू, मग आमचीच बंद का?

मार्च २०२३ मध्ये एकाच आठवड्यात शिक्षक सामील असलेले दोन संप झाले. महाराष्ट्रात १४ ते २० मार्च, जुन्या पेन्शनसाठी. इंग्लंडमध्ये १५ आणि १६ मार्च, पगारवाढीसाठी. दोन्हीकडे काही शाळा उघड्या राहिल्या. साताऱ्यात अशा वेळी माणसांचे स्वभाव तपासले जातात: शाळा उघडणारा ‘फुटला’, बंद ठेवणारा ‘फुकटचा पगार खाणारा’. इंग्लंडमधला शिक्षकांचा संप जवळून पाहिला की वाटतं, स्वभाव राहू दे बाजूला, आधी गणित मांडा.

इंग्लंडमधलं गणित मतपत्रिकेपासून सुरू होतं. २०१६ च्या कायद्यानुसार संपासाठी संघटनेच्या निम्म्या सदस्यांनी तरी मतदान करावं लागे, आणि शाळांच्या बाबतीत एकूण सदस्यांपैकी ४० टक्क्यांचा होकारही लागे. नॅशनल एज्युकेशन युनियनचं मतदान जेमतेम ५३ टक्के झालं, त्यातले ९० टक्के होकार. शिक्षकांच्या दुसऱ्या मोठ्या संघटनेचं, ‘एनएएसयूडब्ल्यूटी’चं, मतदान निम्म्यापर्यंत पोचलंच नाही, म्हणून तिने संप पुकारला नाही. एकाच स्टाफरूममध्ये दोन्ही संघटनांची माणसं बसतात. त्यामुळे कोणती शाळा बंद पडणार हे बरंचसं तिथे कोणत्या संघटनेचे किती सदस्य आहेत यावर ठरलं.

पुढचा निर्णय मुख्याध्यापकाचा. संघटनेच्या नोटिशीत सदस्यांची संख्या असते, नावं नसतात. मुख्याध्यापक ‘तुम्ही संपावर जाणार का’ असं विचारू शकतो, पण उत्तर देण्याचं बंधन शिक्षकावर नाही. मग उरलेल्या माणसांवर किती वर्ग चालतील हे तो पाहतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलं ही कायद्याची मर्यादा. शिवाय प्रथमोपचार येणारं कुणीतरी हवं, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेलं कुणीतरी हवं, आग लागली तर इमारत रिकामी करता यायला हवी. यातलं एक जरी नसलं तरी वर्ग बंद. म्हणून बऱ्याच शाळा अर्ध्या उघडतात. परीक्षेच्या वर्षातली मुलं, ज्यांच्या घरची परिस्थिती नाजूक आहे ती मुलं आणि अत्यावश्यक सेवेतल्या पालकांची मुलं यांना आधी घेतात, बाकीचे घरी. संपाच्या पहिल्या दिवशी, १ फेब्रुवारीला, निम्म्याहून जास्त शाळांवर परिणाम झाला. पण पूर्ण बंद राहिली ती दहातली एखादीच.

आता साताऱ्याकडे येऊ. इथे मतदान नाही. कारण आपल्या कायद्याला शिक्षक ‘कामगार’ वाटतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात तसं स्पष्ट केलं. २००३ मध्ये तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्कच नाही असा निकाल आला. संपाला कायद्यात जागा नसली की संपाची शिस्तही कायद्यात येत नाही. मग ‘सामूहिक रजा’ म्हणायचं, मोर्चा काढायचा आणि पगार कापला की पुढच्या वाटाघाटीत तो परत मागायचा.

त्यात मागणीचा फायदा सगळ्यांना सारखा नसतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या शिक्षकाला जुनी पेन्शन आहेच. शेजारच्या खुर्चीवरच्या धाकट्या गुरुजींना नाही. ५ डिसेंबर २०२५ चा शाळा बंद मुख्यतः टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या सक्तीविरुद्ध होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली त्यांना दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची. निवृत्तीला टेकलेल्यांची नोकरी मात्र सुरक्षित. प्राथमिक शाळेत नवा लागलेला शिक्षण सेवक तीन वर्षं सोळा हजारांच्या मानधनावर. कायम होण्याआधी तो कशाला अंगावर घेईल? त्याला फितूर म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देतच नाही, मग त्यांनी कुणाविरुद्ध संप करायचा?

डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळांचं तर वेगळंच. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यांमध्ये एक संपावर आणि एक हजर असला, तरी कागदावर शाळा ‘चालू’. पहिली ते चौथीची सगळी मुलं एका खोलीत बसवली की शिकवणं संपलं, सांभाळणं सुरू झालं. सातारा शहरातल्या मोठ्या अनुदानित शाळेत तीस जणांपैकी वीस गेले तरी दहा उरतात. तेव्हा चालू शाळांची यादी दाखवून ‘संप फसला’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्या यादीतून काही कळत नाही आणि ‘शंभर टक्के यशस्वी’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यालाही नाही.

इंग्लंडचा कायदा जसाच्या तसा आणावा असं मला वाटत नाही. टपालाने मतपत्रिका मागवून ५० टक्क्यांची अट घालणं हा तिथे संघटनांना वेसण घालण्याचाच प्रकार होता. घेण्यासारखी गोष्ट याहून साधी आहे: प्रत्येक शाळेने आदल्या दिवशी पालकांना सांगायचं. उद्या कोणते वर्ग भरणार, किती शिक्षक असतील, आणि मुख्याध्यापकच संपावर असतील तर किल्ली कुणाकडे असेल. आज पालकाला हे फाटकापाशी कळतं, तोवर तो मजुरीला निघालेला असतो.

पोषण आहाराचंही तेच. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ. चाळीस मुलांना चार किलो, बारा आली तर एक किलो दोनशे ग्रॅम. स्वयंपाकी ताई काही संपावर नसतात, पण मुलं चाळीस येणार की बारा हे त्यांना आधण ठेवण्याआधी कळायला हवं.