दोष पाट्यांचा की टायरचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एक मुद्दा निमूट मान्य करावा लागणार.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की व्ही-क्रॉसला, म्हणजे माझ्या इसुझू डी-मॅक्स पिकअपला, हौसेनं चिखलाचे दणकट टायर लावले, गाडीत बसणं नकोसं झालं आणि शेवटी साधे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडं चालणारे, घेतले. त्यावर दादा म्हणतात, "पिकअपला मागं पाटे (एकावर एक पट्ट्या रचलेल्या स्प्रिंगा) असतात, ती आदळणारच. टायर बदलून गाडी मऊ होते हे थोतांड आहे. पैसे शॉकअपवर घाला. आणि लोकांना हवा कमी करायला सांगताय, उद्या कुणाचा टायर फुटला तर?"

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं चूक माझीच आहे. "हवा थोडी कमी ठेवली की गाडी मऊ चालते" एवढंच लिहून मी मोकळा झालो. कुठल्या रस्त्यावर, किती वजन असताना, कुठल्या टायरला, काही म्हणून लिहिलं नाही. आणि गोष्ट नेमकी उलटी आहे. एलटी म्हणजे लाइट ट्रक वर्गातल्या टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा कंपनीनं दिलेल्या टायरसाठी असतो. एलटी टायर घालून त्यात त्याहून कमी हवा ठेवायची आणि हायवेला शंभरनं पळायचं, तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाकून वाकून तापणार. तुमची भीती रास्त आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पाटे. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक उड्या मारतं, यात वादच नाही. पाटे माल पेलायला बनवलेत, एकट्या ड्रायव्हरला आणि त्याच्या डब्याला ते दाद देत नाहीत. घराच्या कामासाठी वाळूची चार पोती हौद्यात टाकून आणली, त्या दिवशी हीच गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की बायको म्हणाली, पोती राहू दे तशीच.

पण दादा, धक्का सगळा एका जातीचा नसतो. गतिरोधक, खोल खड्डा, मोरीवरचा उंचवटा हे मोठे हेलकावे. तिथं पाटे आणि शॉकअपच बोलतात, टायर बिचारा काय करणार. उघडी पडलेली खडी, डांबराचे तुटके तुकडे, काँक्रीटचे जोड, रंबलर हे बारीक आणि झटपट येणारे दणके. ते गिळायचं पहिलं काम टायरचं. रबर आणि हवा मिळून तीही एक स्प्रिंगच आहे, आणि रस्त्याला सगळ्यात आधी तीच भिडते. ती कडक असली की महागातला शॉकअपही या दणक्यांवर फारसं काही करू शकत नाही. समृद्धीवर काँक्रीटच्या जोडांची टक-टक पायाखाली येते ना, ती प्रत्येक टायरवर वेगळी लागते.

माझे ते दणकट टायर एलटीच, लोड रेंज ई (वजन पेलण्याचा वर्ग) चे होते, बोलीभाषेत "१० प्लाय". त्यात दहा थर नसतात, तो ताकदीचा जुना हिशोब आहे. अशा टायरला ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा चालते, त्यावरून साइडवॉल किती ताठ असेल बघा. शिवाय वजन. जुना आणि नवा, दोन्ही टायर पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवले. कंपनीचा जुना १५ किलो, दणकट नवा २१ च्या वर. हे सहा किलो हौद्यात नाहीत, चाकावर आहेत. खड्डा आला की तेवढा जादा गोळा वर उडतो आणि त्याला आवरायचं काम त्याच जुन्या शॉकअपवर पडतं. शॉकअप खराब झाले असं मलाही वाटलं होतं. टायर काढले आणि शॉकअप "बरे" झाले!

वर आणखी एक गंमत. हायवेवरच्या एका टायरवाल्यानं "पिकअप आहे, माल भरणार" म्हणून मागं ४० भरून दिली. घरी आल्यावर ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, खडूनं आडवी जाड रेघ ओढली आणि सपाट डांबरावर गाडी सरळ शे-दोनशे पावलं नेली. रेघ मधली चार बोटं पुसली, दोन्ही कडांना तशीच पांढरी. म्हणजे टायर पोटावर उभा होता. अर्थात, खडू म्हणतो म्हणून ठरलेल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही.

कमी हवेची जागा कच्च्या रस्त्यावर, आणि तिथं मी ठाम आहे. ऑस्ट्रेलियात हीच डी-मॅक्स आणि हायलक्स पन्हाळी पत्र्यासारख्या मातीच्या रस्त्यांवर चालतात, आणि तिथले लोक डांबर संपलं की आधी हवा सोडतात. वेल्ह्याहून केळदकडं जाताना मीही उखडलेल्या रस्त्याला लागलो की २५-२६ वर आणतो, वेग तीस-चाळीसच्या आत ठेवतो आणि डांबर लागलं की कॉम्प्रेसर काढून आधी हवा भरतो. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हा उद्योग करूच नका.

तुम्ही विचारलंत, १८ इंची रिमवर जरा जाड टायर टाकला तर? २५५/६० (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत) ऐवजी २६५/६० घेतला तर साइडवॉल जेमतेम ६ मिलिमीटर वाढते. त्यापेक्षा १७ इंची रिमवर २५५/६५ बघा. बाहेरचा घेर जवळपास तोच, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही, आणि साइडवॉल १२-१३ मिलिमीटर उंच मिळते. फक्त रिम ब्रेकला घासत नाही ना, हे चाक बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एलटी नको, एसयूव्हीचा साधा ऑल-टेरेन घ्या. धारदार दगडांत रोज जात असाल, तर मात्र कंबर सोसेल तेवढं सोसा आणि एलटीच ठेवा. तिथं साइडवॉल फाटण्यापेक्षा दणके परवडले.

तुमचे शॉकअप तीन वर्षांचे आहेत म्हणता. बदला, ना नाही. पण त्याआधी उद्या सकाळी टायर गार असताना हवा मोजा, खडूची रेघ ओढा आणि ती कुठं पुसली ते इथंच कळवा.