सोलरची सबसिडी आणि खारा वारा

कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैच्या कट्ट्यावर काल विषय वीजबिलावरून निघाला आणि थेट कायद्यापर्यंत गेला. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "सरकारने अनुदानाचे पैसे सोडले म्हणून छपरांवर सोलर पॅनल दिसताहेत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००, त्यापुढे काही नाही. बाकी कायदेकानू नंतर."

वकीलकाकांना ते पटलं नाही. "पैसे आधीही मिळत होते अण्णा, अर्ज वीज कंपनीत अडायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणी उडाली, अर्ज पूर्ण असेल तर मंजूरच धरायचा. मंजूर भार, म्हणजे जोडणीला ठरवून दिलेले किलोवॅट, कमी पडला तर कंपनीने वाढवून द्यायचा. ५ किलोवॅटपर्यंत लाइन मजबूत करायचा खर्चही कंपनीचा. हे माहीत नसलं की माणूस तो खर्च मुकाट भरतो."

"तरी अर्ज अडतातच," वायरिंगवाला भाऊ म्हणाला. "बिल आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं. आधी मीटरचं नाव बदला, मगच अनुदानाच्या पोर्टलवर जा. आणि वारसांच्या सह्या गणपतीत उरकून घ्या, तेव्हाच सगळे चाकरमानी एकत्र सापडतात."

मग त्याने खरी दुखती नस पकडली. "अनुदान किलोवॅटवर मोजतात. जैसलमेरला जेवढं, तेवढंच हर्णैला. मग स्वस्त कोटेशन देणारा पैसे कुठे वाचवतो? स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे पॅनल धरणाऱ्या लोखंडी सांगाड्यात. त्यावर गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, किमान ८० मायक्रॉन हवं. ते असलं तरी छपरावर चढून ड्रिल मारलं की भोकाच्या कडेचा जस्ताचा थर जातो आणि गंज तिथूनच धरतो. भोकं कारखान्यातच पाडून आणायची. साइटवर कापावंच लागलं तर लगेच झिंक पेंट लावायचा. नटबोल्ट स्टेनलेसचे. वायरींचे कनेक्टर पत्र्यावर लोळत ठेवायचे नाहीत, खारं पाणी आत गेलं की तिथे जळतं. पॅनल घेताना खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागायचं, आयईसी ६१७०१."

"आमचं घर कौलारू," अण्णा म्हणाले. "वजन पेलेल का?"

"वजनाची भीती कमी, वारा उचलतो त्याची जास्त. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. नुसत्या वाशांना धरून चालत नाही, स्ट्रक्चर भिंतीत किंवा खांबात बांधलं पाहिजे."

"वादळात तरी घरात उजेड राहील ना?"

"नाही राहणार. लाइन गेली की सोलरचा साधा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. पडायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरून शॉक बसेल. उजेड हवा तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची, आणि बॅटरीला अनुदान नाही."

इथे सगळेच गप्प झाले, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला वीज सगळ्यात जास्त लागते ती नेमकी त्याच दिवसांत. नियम करणाऱ्यांनी बिल डोळ्यांपुढे ठेवलं आणि पावसाळा सोडून दिला, हे भाऊचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

अण्णांनी दुसरी बाजू लावून धरली. महिन्याला १०० युनिटच्या आत भागवणाऱ्या घराला अनुदान धरूनही हे परवडेलच असं नाही, दर मुळातच कमी असतो. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो, आषाढात त्याहून बरीच कमी. बंद घरांचं आणखी वेगळं. न वापरता लाइनमध्ये गेलेले जादा युनिट महिन्यामागून महिना जमा होतात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्याला राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर मिळतो.

"मग हे लिहून कळवा," काका म्हणाले. "२००३ च्या वीज कायद्यात कलम १८१ आहे. आयोगाला विनियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावाच लागतो, त्यावर कुणीही हरकत पाठवू शकतं. फक्त पत्ता चुकवू नका. जमा युनिटचा हिशेब राज्य आयोगाकडे, बॅटरीचं अनुदान दिल्लीच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे."

आधी काय मागायचं यावर मात्र एकमत झालं नाही. भाऊला बॅटरी हवी, अण्णांना ३१ मार्चची अट काढून हवी.