रणगाड्याखालचे चार दिवस

शौर्याच्या फॉरवर्डमध्ये हमखास कुणीतरी गर्जना करत शत्रूवर तुटून पडलेलं असतं. वाचून अंगावर काटा येतो, नाही असं नाही. पण मला स्वतःला चक्रावून टाकतात ते रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या तुकडीतले. १९४० साली शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि १९४७च्या डिसेंबरात अधिकारी झाले. पुढच्या चार महिन्यांच्या आत ते जम्मूच्या डोंगरात होते.

एप्रिल १९४८. काश्मीरवरून पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं, राजौरी शत्रूच्या ताब्यात. नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचं, तर वाटेत जागोजागी सुरुंग पेरलेले, झाडं पाडून रस्ता अडवलेला. ते काढल्याशिवाय रणगाडे हलणार नाहीत. ८ तारखेला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांचे दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः. (त्या दोघांची नावं आपण कुणी घेत नाही. मीही आत्ता घेतली नाहीत, बघा.)

जखमी माणसाला मागे जाता आलं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. हे राहिले. पुढे तर रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टे फिरताहेत, वरून मशीनगनच्या गोळ्या, आणि हा माणूस रणगाड्याच्या चालीने सरपटत सुरुंग शोधतोय. चालकाशी बोलणार कसं? दोरी बांधलेली. दोरीच्या खुणेवर थांब, दोरीच्या खुणेवर चल. १० तारखेला पाइनची पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग. तीही हटवली. ११ला रात्री उशिरापर्यंत काम चालूच. १२ला राजौरी हाती आली.

तुटून पडण्यात एक झिंग असते, विचार करायला वेळच नसतो. इथे वेळच वेळ होता. प्रत्येक सुरुंगापाशी हात थांबवून ‘आता पुरे’ म्हणायची मुभा होती, असे चार दिवस. शिवाय हात कामात गुंतलेले, म्हणजे उलटून गोळी झाडायचीही सोय नाही. सगळं कशासाठी, तर मागचे लोक पुढे जावेत म्हणून. माझ्या लेखी हे धाडस चढाईपेक्षा कठीण. वाद घालायचा तर घाला खाली.

हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. १९९४मध्ये पुण्यात वारले.

कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. मे महिन्यात गेलो होतो. बहुतेक लोक नौकेसमोर फोटो काढत होते. आम्हीही आधी तेच केलं, खोटं कशाला बोलू. मग पुतळ्यापाशी लेकीला ही गोष्ट सांगितली. तिने विचारलं, “बाबा, रणगाड्याखाली जागा किती असते?” तिथे सांगता आलं नाही. नंतर शोधलं. त्या स्टुअर्ट रणगाड्याखाली जेमतेम दीड फूट.

घरी आल्यावर ती पट्टी घेऊन दिवाणाखाली शिरली होती.