बंद पाकिटातल्या बोलीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फँटसी बेसबॉलचा (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळाचा) हंगाम सुरू झाल्यावर नव्याने उपलब्ध होणाऱ्या खेळाडूंवर किती बोली लावावी, या माझ्या लेखावर आपण पुढील तीन आक्षेप घेतले आहेत. शंभर डॉलरच्या अंदाजपत्रकातील निम्म्याहून अधिक रक्कम मेअखेरपर्यंत खर्च करावी, हा सल्ला उतावळेपणाचा आहे. मी स्वतः एका क्लोजरवर (शेवटच्या डावात आघाडी राखणाऱ्या गोलंदाजावर) ३८ डॉलर लावले तेव्हा दुसरी बोली ९ डॉलरची होती, म्हणजे १० पुरले असते आणि २८ डॉलर पाण्यात गेले. आणि महिनाभराच्या कामगिरीवर भाळणाऱ्यांनी ख्रिस शेल्टन आठवावा. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत भक्कम आहे.

शेल्टनने २००६ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटसाठी १० होमरन मारले, पण हंगामाअखेर त्याच्या नावावर एकूण १६ होते, आणि जुलैअखेरीस संघाने त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम स्पर्धेत, धाडले होते. २०१९ मध्ये सिनसिनाटीच्या अरिस्टिडीस अकीनोने ऑगस्टमध्ये १४ होमरन मारले आणि सप्टेंबरमध्ये ५. ऑगस्टअखेरीस ज्याने त्याच्यासाठी खिसा रिकामा केला असेल, त्याच्या खात्यात ते १४ जमा झालेच नाहीत. शिवाय स्पर्धेतले बारा जण एकाच खेळाडूचा अंदाज बांधतात, तेव्हा बोली जिंकणारा हा बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांसाठी कंपन्या लावत असलेल्या बंद बोलींविषयी तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हेच मांडले होते. म्हणून फलंदाजाच्या तापलेल्या महिन्याला मी आता लेखात सुचवली त्याच्या निम्मीच किंमत देईन.

क्लोजरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या लेखात हा भेद पुरेसा स्पष्ट झाला नाही, हे मान्य करतो. सेव्ह (थोडकी आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद) हे गोलंदाजाच्या गुणवत्तेपेक्षा त्याच्या जबाबदारीतून मिळतात. थोडक्या आघाडीवर नवव्या डावात चेंडू कोणाच्या हाती दिला जातो, हे पाहायला महिनाभर थांबावे लागत नाही. ही जबाबदारी एका वाईट आठवड्यात काढूनही घेतली जाते, ही त्याची दुसरी बाजू आहे. तरीही त्या गोलंदाजाची सर्वांना लागू पडेल अशी एकच ‘योग्य किंमत’ असते, हे आपले गृहीतक मला पटत नाही. रोटिसरी पद्धतीत सेव्ह, होमरन अशा आकडेवारीच्या प्रत्येक विभागात संघाला क्रमांकानुसार गुण मिळतात. माझ्या वर चार संघ अवघ्या सात सेव्हच्या अंतरात असतील, तर दहा सेव्ह मला चार गुण मिळवून देतील. आपण त्याच विभागात वीस सेव्हनी पुढे असाल, तर तोच गोलंदाज आपल्याला एकही गुण देणार नाही. त्याच्यासाठी मी ३० आणि आपण २ डॉलर लावणे, या दोन्ही गोष्टी बोली उघडण्याच्या एकाच रविवारी बरोबर असू शकतात.

आता ते २८ डॉलर. आयपीएलच्या उघड लिलावात प्रतिस्पर्धी थांबला की आपणही थांबतो आणि त्याच्यापेक्षा एकच पायरी वर मोजतो. येथे पाकीट उघडेपर्यंत दुसऱ्याचा आकडा कळत नाही. त्यामुळे पाकीट उघडल्यावर दिसणारा फरक सगळाच्या सगळा उधळपट्टी म्हणून मोजणे अन्यायाचे आहे. आपण नोंदवलेली नाही, अशी माझी एक चूक मात्र त्यात होती. प्रत्येकाची शिल्लक सर्वांना दिसते, आणि जूनमधल्या त्या आठवड्यात माझ्याखेरीज कोणाकडेही २२ डॉलरपेक्षा जास्त उरले नव्हते. २३ ची बोली निश्चितपणे पुरली असती; उरलेले १५ डॉलर मी केवळ आळसाने गमावले. (हा हिशेब मला माझ्या मुलीने दाखवला, तिला या खेळात काडीचा रस नाही.)

इतरांनी आधीच खर्च केला म्हणून माझे पैसे जूनमध्ये वजनदार झाले, हे आपल्या पहिल्या आक्षेपाला बळ देते, असे आपण म्हणाल, आणि ते अंशतः खरे आहे. तरीही साधारण २६ आठवड्यांच्या हंगामात एप्रिलअखेर घेतलेला खेळाडू २२ आठवडे उपयोगी पडतो, ऑगस्टच्या सुरुवातीला घेतलेला आठच, आणि शेवटच्या रविवारनंतर शिल्लक डॉलरला कवडीचीही किंमत नसते. अपवाद आहे तो व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगांपैकी केवळ अमेरिकन किंवा केवळ नॅशनल लीगच्या खेळाडूंवर चालणाऱ्या स्पर्धांचा. तेथे जुलैअखेरच्या अदलाबदलीत दुसऱ्या लीगमधला प्रस्थापित खेळाडू अचानक उपलब्ध होतो, आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त शिल्लक असते त्यालाच तो हमखास मिळतो. आपली स्पर्धा त्या प्रकारची असल्यास माझा सल्ला आपण बाजूला ठेवावा. मी तो मर्यादा न सांगता सरसकट दिला, ही त्रुटी लेखात दुरुस्त करतो.

२० ऐवजी २१ लिहिण्याच्या माझ्या सवयीला आपण जाता जाता ‘पोरकट’ म्हटले आहे. लोक गोल आकड्यावर थांबतात, इतकेच त्यामागचे कारण आहे. आपल्या स्पर्धेत समान बोली आल्यास खेळाडू तक्त्यातल्या खालच्या संघाला मिळत असेल आणि आपण वरच्या क्रमांकावर असाल, तर तो एक डॉलर आपल्याला माझ्यापेक्षाही जास्त लागेल.