मादागास्करची खाण आणि निसर्गसंस्था : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, खाण कंपनीच्या पैशावर काम करणारी निसर्गसंस्था ही तिची जाहिरातच असते आणि मादागास्करमधील क्यूएमएम या रिओ टिंटो कंपनीच्या खाण प्रकल्पाविषयी लेख लिहिताना मी हे सोयीस्करपणे टाळले. टाळल्याचा आरोप मला मान्य आहे; जाहिरातीचा मात्र नाही.

देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोर्ट दोफँ शहराजवळच्या मांदेना, सेंट ल्यूस आणि पेत्रिकी येथील वाळूत इल्मेनाइट हे खनिज आहे, ज्यापासून रंगाला पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायऑक्साइड तयार होते, आणि त्याच वाळूवर किनारी जंगलाचे उरलेसुरले तुकडे उभे आहेत. रिओ टिंटोने २००४ साली बँकॉकच्या जागतिक संवर्धन परिषदेत जाहीर केले की, आपल्या कामामुळे जैवविविधतेत अखेरीस घट नव्हे, भरच पडेल. त्यानंतर वनस्पतितज्ज्ञांनी येथे केलेले काम खरे आहे आणि मांदेनात सुमारे २३० हेक्टर जंगल खाणीतून वगळले गेले, हेही खरे आहे.

प्रश्न हिशेबाचा आहे. खाणीत गेलेल्या जंगलाची ‘भरपाई’ म्हटले की आपल्याकडे पर्यायी वनीकरण, म्हणजे दुसरीकडे लावलेली झाडे, डोळ्यांसमोर येतात. येथे बरीचशी भरपाई न तुटलेल्या झाडांची होती. जवळच्या त्सितोंगांबारिकाच्या डोंगरातले जंगल गावकऱ्यांनी शेतीसाठी तोडले असते असे गृहीत धरायचे, त्यांना रोखायचे आणि वाचलेले जंगल कंपनीच्या खाती जमा करायचे. गृहीत धरलेली तोड जितकी मोठी, तितकी जमा मोठी. शिवाय ते डोंगरी वर्षावन आहे; नष्ट होत होते ते किनारी जंगल. तिथल्या अंत्सोत्सो गावच्या लोकांनी तर, जंगलात कसावा लावण्यास मनाई झाल्याने वाळूत लागवड करावी लागते, अशी तक्रार केली होती. खाणीचे देणे त्यांच्या शेतातून वसूल व्हावे, याचा मी लेखात उल्लेखही केला नाही, ही माझी चूक.

तरीही २०१६ साली कंपनीने जैवविविधतेत भर घालण्याचे ते उद्दिष्ट सोडले, तेव्हा प्रकल्पाच्या जैवविविधता समितीतील तज्ज्ञांनी राजीनामे दिले. जाहिरात करणारी माणसे अशी उठून जात नाहीत. मात्र राजीनाम्याने खाण थांबली नाही, कारण त्यांचा सल्ला कोणावरही बंधनकारक नव्हता. खाण कंपन्या आणि निसर्गसंस्था यांच्या भागीदाऱ्यांचे खरे दुखणे मला पैशापेक्षा येथे दिसते.

त्याच देशातील अंबातोवी या निकेल-कोबाल्ट खाणीची भरपाई, निदान जंगलाच्या क्षेत्रफळापुरती, ‘जितके तोडले तितके वाचवायचे’ या उद्दिष्टाच्या मार्गावर असल्याचे २०२२ च्या एका शोधनिबंधात उपग्रहचित्रांच्या आधारे दाखवले गेले आहे. स्थानिकांना सोसाव्या लागणाऱ्या किमतीची नोंदही त्यात आहे. म्हणून लेखातील अंबातोवीवरील परिच्छेद मी ठेवत आहे. क्यूएमएमपुढील ‘यशस्वी भागीदारी’ हे शब्द मात्र काढले आहेत आणि तेथे अंत्सोत्सोची तक्रार व २०१६ चे राजीनामे नोंदवले आहेत.