तोरणमाळच्या ‘बर्फावरच्या बोटी’बद्दल खुलासा

रिमोटवर चालणारी बोट पांढऱ्याशुभ्र बर्फावरून सुसाट पळतेय, असा व्हिडिओ ‘तोरणमाळला बर्फ पडला’ म्हणून धुळे-जळगावच्या ग्रुपांवर फिरतोय. तो आपल्याकडचा नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तिथे आणि सातपुड्यातल्या डाब गावाकडे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, हे खरंच. पण ते गवताच्या पात्यावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, बोटाने खरवडलं की नखात मावतं आणि ऊन चढलं की पाणी होतं. त्यावर बोट कशी पळणार? व्हिडिओत तर हातभर बर्फ आहे.

काही जण व्हिडिओच बनावट म्हणतात, तेही चूक. बर्फाळ देशांत हौशी मंडळी अशा बोटी बर्फावर पळवतात. बुडाचा गुळगुळीत भाग घसरतो आणि पंखा बर्फात रुतून बोट पुढे ढकलतो.

मी स्वतः जळगावच्या मेहरूण तलावात अशी रिमोटची बोट चालवतो, म्हणून एक कळकळीने सांगतो. वेगवान बोटींची मोटार बहुधा तलावाच्याच पाण्याने थंड राहते. मागच्या बारीक नळीतून पाणी आत शिरतं. बर्फावर ते मिळत नाही, मोटार बाहेर गारठा असूनही तापते, म्हणून तिथे थोडा वेळ पळवून थांबावं लागतं. व्हिडिओ पाहून पोरांनी तापीच्या वाळूत किंवा गवतावर बोट सोडू नये. पंखा वाकेल, मोटार जळेल. आणि फिरता पंखा धारदार असतो, हाताचं बोट कापतो.