छत्री पाठ करा म्हणणाऱ्या वाचकांस

'मुसाफिर' या नावाने लिहिणारे वाचक, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी विद्यापीठातल्या स्पॅनिशच्या अभ्यासावर लिहिलं होतं. शब्दसिद्धी (शब्द कसे बनतात) आणि शब्दजाती (नाम, क्रियापद, विशेषण वगैरे) यांच्या पेपराला पोरं घाबरतात, पण मराठी घरातल्या मुलांनी तो इंग्रजीतून न करता मराठीच्या आधाराने केला तर बराच सोपा जातो, एवढाच त्या लेखाचा जीव. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी ती इथे उतरवते: "काकू, शब्दांच्या जाती काढून कुणाचं भलं झालंय? पारा म्हणजे 'साठी', आग्वा म्हणजे पाणी. पाण्यासाठी जे लागतं ते पाराग्वास, म्हणजे छत्री. पाठ करायचं आणि पुढे जायचं." पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. शब्दजातींची चौकट लॅटिनवरून उचललेली आहे. तीन वर्षं हे शिकलेल्या मुलांना साधं पाणी मागता येत नाही. आणि माझ्या लेखात 'फोतो' पुल्लिंगी छापलाय.

आधी ते 'काकू'. ठाण्यात मला भाजीवाला काकू म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, आमच्या सोसायटीतली पोरं जिन्यातून ओरडत जातात. माझं काही म्हणणं नाही. पण वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम देऊन बसवलेलं 'काकू' म्हणजे 'तुम्ही जाऊन कुकर लावा' असं असतं, हे मला कळतं आणि तुम्हालाही लिहिताना कळत होतं. हाच लेख एखाद्या सरांनी लिहिला असता तर तुम्ही 'काका' म्हणून सुरुवात केली असतीत का? 'शब्दांच्या जाती काढणं' ही कोटीही तशीच. कुणाची जात काढणं म्हणजे काय असतं हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही, आणि व्याकरणाच्या लेखाखाली ती कोटी करून टाळ्या मिळतात हेही खरं. सहा जणांनी तुम्हाला अंगठा दिलाय. मिळोत.

आता चूक. 'फोतो' पुल्लिंगी लिहिला ही माझीच चूक, रात्री एक वाजता टंकताना झालेली, दुरुस्त केली आहे. ला फोतो ('ला' हे स्त्रीलिंगी नामापुढचं उपपद, पुल्लिंगी असेल तर 'एल'). आभारी आहे. पण ती चूक का आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते मी लिहिते. ओकारान्त शब्द स्पॅनिशमध्ये बहुतेक पुल्लिंगी असतात. 'फोतो' हा मात्र अख्खा शब्दच नाही, 'फोतोग्राफिया'चं शेपूट तोडून झालेला आहे. मूळ शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तुकडाही स्त्रीलिंगी. 'मोतोसिक्लेता'ची 'मोतो' तशीच. तोडून शब्द तयार करणं हासुद्धा शब्दसिद्धीचाच धडा आहे, म्हणजे ज्या पेपराला तुम्ही निकामी ठरवलंत, त्याच पेपरातला मुद्दा माझ्या तोंडावर फेकलात.

आणि आता तुमची छत्री. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

'पाराग्वास'मधला 'पारा' म्हणजे 'साठी' नव्हे. दिसायला तोच, उच्चारायला तोच, पण शब्द वेगळा. हा 'पारार' या क्रियापदाचा 'पारा' आहे: थांबवणं, अडवणं. (हे रूप आज्ञार्थी मानायचं की तृतीयपुरुषी, यावर व्याकरणकारांचं एकमत नाही. तो वाद राहू दे.) पाणी अडवतं ते पाराग्वास. 'साठी' लावूनही छत्रीपर्यंत पोचता येतं, कारण छत्री आणि पाण्याचा संबंध आपल्याला आधीच ठाऊक असतो. जून ते सप्टेंबर ठाणे स्टेशनाबाहेर उभं राहिलेल्याला तो कुणी शिकवावा लागत नाही. तुमची फोड चुकूनही तुम्ही बरोबर ठिकाणी उतरलात, झोपेत स्टेशन आलं तसं.

पण पुढचं स्टेशन घेऊ. पाराचोकेस. चोके म्हणजे धडक. तुमच्या हिशेबाने 'धडकांसाठी', प्रत्यक्षात गाडीचा बंपर. पाराकाइदास, तुमच्या हिशेबाने 'पडण्यासाठी'. ते विमानातून उडी मारताना पाठीवर बांधतात, आणि ते पडण्यासाठी आहे असं समजून बांधणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार. पारार्रायोस, विजा अडवणारा, इमारतीच्या डोक्यावरचा वीजरोधक. पाराब्रिसास, वारा अडवणारी गाडीची पुढची काच. क्रियापद पुढे, त्याचं कर्म मागे, कर्म बहुधा अनेकवचनी, आणि सगळा जोडशब्द पुल्लिंगी. म्हणून 'आग्वा' स्त्रीलिंगी असून छत्री मात्र 'एल पाराग्वास', आणि दहा छत्र्या झाल्या तरी शब्द हलत नाही, 'लोस पाराग्वास'. एकदा हे कळलं की आब्रेलातास (डबे उघडतं ते) आणि साकाकोर्चोस (बुचं काढतं ते) पाठ करावे लागत नाहीत.

आता मराठीत बघा. लाकूडतोड्या. खिसेकापू. कानकोरणं. पोटभरू. साचा तोच, फक्त उलटा: आपल्याकडे कर्म आधी, क्रियापद शेवटी, कारण आपलं वाक्यही तसंच चालतं. आपण लाकूड तोडतो, ते तोडतात लाकूड. माझ्या लेखाचा मुद्दा हाच होता. लाकूडतोड्याची गोष्ट ऐकत मोठं झालेलं पोर आब्रेलातासपाशी अडणार नाही, अट एवढीच की त्यातलं क्रियापद कुठलं आणि नाम कुठलं हे त्याला कुणीतरी दाखवायला हवं. त्यालाच शब्दजाती म्हणतात. जात काढत नाही हो आम्ही, ओळख करून देतो.

यावर तुम्ही म्हणाल की हे फळ्यावरचं ज्ञान, कामाला काय येतं? तर ऐका. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. घरात इंग्रजी पेपरसुद्धा येत नव्हता, स्पॅनिशचा तर प्रश्नच नाही. मी शिकले, आणि 2011 साली ऐरोलीतल्या एका कंपनीत लागले, दक्षिण अमेरिकेतल्या गाड्यांच्या विम्याची कागदपत्रं इंग्रजीत आणायच्या कामावर. एके दिवशी अर्जेंटिनाहून आलेल्या दाव्यात शब्द आला, पारागोल्पेस. मी तो जन्मात पाहिला नव्हता. आम्हाला पाराचोकेस शिकवलेला. पण 'गोल्पे' म्हणजे आघात हे माहीत होतं आणि 'पारा' काय करतो हेही. आघात अडवणारं, गाडीचं, पुढच्या बाजूचं: बंपर. चहा गार व्हायच्या आत काम झालं. शेजारच्या खुर्चीतला मुलगा माझ्यापेक्षा फाडफाड बोलायचा, हजारो शब्द पाठ, मालिका बघून शिकलेला. त्याच्या पानातही तोच शब्द होता. त्याने 'ठोशांसाठी' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहून पान पुढे ढकललं, आणि विमा कंपनीला तासभर वाटत राहिलं की अपघातानंतर मारामारी झाली. त्या मुलाची चेष्टा मी तेव्हा केली नाही, आज करत नाही. पण तुमची प्रतिक्रिया वाचताना त्याचीच आठवण आली.

आणि हे मला आलं कुठून? दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर 'बाहो' हा एकच शब्द पाच वेळा लिहिला, एकाखाली एक, आणि म्हणाल्या, हे पाच वेगळे आहेत. उन ओम्ब्रे बाहो, बुटका माणूस, इथे विशेषण. आब्ला बाहो, हळू आवाजात बोल, क्रियाविशेषण. बाहो ला मेसा, टेबलाखाली. आपलं शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतं, त्यांचं पुढे उभं राहतं. एल बाहो, बास गिटार, नाम. शेवटच्या ओळीपाशी थांबून त्यांनी वर्गाकडे पाहिलं. यो बाहो. "लोकलच्या दारात विचारतात ना, उतरणार का? त्याचं उत्तर. मी उतरते." वर्ग हसला. मग त्या मला म्हणाल्या, तू मराठीत असा शब्द सांग. मी पाच मिनिटं गप्प. घाम फुटलेला. शेवटी सुचलं: 'वर'. मुलीसाठी वर बघतात, टेबलावर वही असते, आणि आई म्हणते वर जा. नाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण. मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. इंग्रजी माध्यमातल्या पोरींच्या त्या वर्गात त्या दिवसापर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा शब्दजातींनी कुणाचं भलं झालंय याचं एक उत्तर तरी तुम्हाला मिळालं असेल.

लॅटिनच्या चौकटीबद्दल फार लिहीत नाही. हे नवं आहे असं वाटून तुम्ही लिहिलंय, पण व्याकरण शिकलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. लॅटिनच्या परंपरेत शब्दजाती आठ, आणि नेब्रिहा या स्पॅनिश व्याकरणकाराने 1492 साली पहिलं कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिशचं, व्याकरण लिहिलं तेव्हा दहा मोजल्या. उपपद लॅटिनमध्ये नव्हतंच, ते त्याला घालावं लागलं. म्हणजे चौकट उचलली तरी जशीच्या तशी नाही ठेवली. आपल्या दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणावर इंग्रजी वळणाचा आक्षेप घेतात, तो मलाही मान्य आहे. पण शर्टाचं माप जरा चुकलं म्हणून कुणी उघडं फिरत नाही.

राहता राहिलं पाणी मागणं. आग्वा, पोर फावोर. झालं? मुलांना बोलता का येत नाही हा वेगळा विषय आहे. वर्गात साठ डोकी आणि आठवड्याला चार तास, त्यात कोण किती बोलणार, वगैरे वगैरे. त्यावर कधीतरी सवडीने लिहीन. मी स्वतः माद्रिदच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरले तेव्हा टॅक्सीवाल्याशी इंग्रजीतच बोलले, हे एका जुन्या लेखात मीच लिहिलेलं तुम्ही शोधून काढलंत आणि खाली आणखी एका ओळीत टाकलंत. शाबास. त्याचा शब्दसिद्धीशी संबंध काय, ते मात्र लिहिलं नाहीत.

आणि हो, 'मोबाइलवर सहा महिन्यांत भाषा येते' हे तुमचं वाक्य मी उत्तर देण्यालायक धरलेलं नाही.

यापुढे तुम्ही इथे लिहू नका असं मी म्हणत नाही. लिहा, चुका दाखवा, 'फोतो'सारखी दाखवलीत तर चहा पाजीन, तलावपाळीला या. जाता जाता एक शब्द मात्र देते, पाठ करायला आवडतं तर करा: आग्वाफिएस्तास. तुमच्या पद्धतीने आग्वा म्हणजे पाणी, फिएस्तास म्हणजे सण, तेव्हा पाण्याचे सण, रंगपंचमी वगैरे काहीतरी निघेल. पण इथे 'आग्वा' हे नाम नाही. 'आग्वार' या क्रियापदाचं रूप आहे, पाणी घालून पातळ करणं. चाललेल्या समारंभावर पाणी ओतणारा, रंगाचा बेरंग करणारा माणूस. आणि यंत्राचं नव्हे, माणसाचं नाव असल्याने हा शब्द दोन्ही लिंगी चालतो: पुरुष असेल तर 'उन आग्वाफिएस्तास', बाई असेल तर 'उना'. तुम्ही टोपणनावाने लिहिता, तेव्हा कुठलं उपपद लावायचं ते तुमचं तुम्ही बघा.